आधी सांगा, मग लिहा

“आधी सांगा, मग लिहा,” असं म्हणत ते समोरच्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचे. हिसकावून नव्हे. दोन बोटांनी अलगद उचलायचे, स्वतःच्या खिशाला लावायचे आणि हाताची घडी घालून, मान जराशी उजवीकडे झुकवून ऐकायला उभे राहायचे. उजवा कान डाव्यापेक्षा बरा होता. प्रेसच्या धडधडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाचे दोन्ही कान सारखे राहत नाहीत.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक लहानसा कारखाना होता. अजूनही आहे. पत्रा दाबून, कापून त्याचे भाग करायचे आणि पंप बनवणाऱ्यांना पुरवायचे. मी तिथं क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याच्या खात्यात. ते मेंटेनन्सचे फोरमन. कारखान्यातला प्रत्येक जण त्यांना राव सार म्हणायचा. तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ माणूस सहसा राव म्हणतोच, त्याचं खरं नाव काहीही असो.

कारखान्यात काम न केलेल्यांसाठी एक गोष्ट सांगते. आमच्याकडे प्रत्येक मशीनला एक हिस्टरी कार्ड असतं. जाड पुठ्ठ्याचं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनच्या बाजूला तारेनं टांगलेलं. त्यावर रकाने असतात: तारीख, बिघाड, कारण, उपाय, दुरुस्त करणाऱ्याची सही आणि शेवटी ऑपरेटरची सही. दुरुस्तीनंतर ऑपरेटरनं मशीन चालवून, ट्रायल बघून मगच सही करायची. ती झाली की नोंद बंद. ती होईपर्यंत दुरुस्त करणाऱ्यानं रोज येऊन मशीनची विचारपूस करायची.

जगात सगळीकडे ही कार्डं जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटांत खरडली जातात. आमच्याकडे ती सोय नव्हती. फिटर कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, पोटात कावळे ओरडताहेत आणि पेन राव सारांच्या खिशात. “स्प्रिंग तुटली, सार,” तो म्हणायचा. “कधी तुटली? आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला? तेव्हा तुला काय वाटलं?” असं करत करत बाहेर यायचं की ऑपरेटरनं तीन दिवसांपूर्वीच आवाज येतो म्हणून सांगितलं होतं आणि फिटरनं ‘बघू’ म्हटलं होतं. मग पेन परत मिळायचं. “आता लिही. आता खरं लिहिशील.”

त्यांचा आणखी एक नियम होता. कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटर एरर’ हे दोन शब्द लिहायचे नाहीत. ऑपरेटर खरोखर झोपेत असला तरी नाही. तो का झोपेत होता ते लिहा, म्हणायचे. नवे फिटर या नियमावर मागून हसत. मीसुद्धा हसले आहे. इतरांना बोलतं करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या पोटात एक गोष्ट अकरा वर्षं अडकून पडली होती, हे तेव्हा आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. जुनी माणसं निवृत्त झाली होती आणि नव्यांना सांगणार कोण?

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या रडगाण्यामुळे. मी मिरजेची. नवऱ्याच्या बदलीपायी चेन्नईत येऊन पडले आणि हट्टानं ही नोकरी धरली. पहिल्याच आठवड्यात भट्टीमागच्या कोपऱ्यात उभी राहून आईला फोनवर सांगत होते की इथं कोणी माझ्याशी बोलत नाही, बोललं तर मला कळत नाही आणि भात खाऊन माझं पोट फुगलंय. मागून आवाज आला, “ताक घ्या मा. ताकानं उतरतें.”

मी दचकून वळले. “तुम्ही मराठी?”

“होय की. घरांत मराठीच. आतां घरांत मी एकटाच, म्हणून मी मजशीं मराठी बोलतों.”

त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आलं आणि मग भलतंच बरं वाटलं. शब्द आमचेच, चाल तमिळ, मधूनच ‘सरि’ आणि ‘अय्यो’. माझी मराठी त्यांना फार वेगाची वाटायची. “तुम्ही बातम्यांसारखें बोलतां,” म्हणायचे. मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला मा म्हणत, तिकडे सगळ्याच बायकांना म्हणतात तसं, पण मला ते फक्त माझ्यासाठी आहे असं वाटायचं.

ते तिरुवल्लिकेणीत राहायचे. दोन खोल्या, वर गच्ची. पलीकडची सगळी गल्ली एकट्या पुरुषांच्या मॅन्शन्सनी, म्हणजे लॉजांनी, भरलेली, त्यामुळे मेसला तोटा नाही. पहाटे मरीनावर चालून यायचे, मेसमध्ये इडल्या खायच्या आणि पावणेसातची बस धरायची. हे वेळापत्रक आपसूक ठरलेलं नव्हतं. ते कार्डातून आलं होतं. कारण राव सारांनी स्वतःचंही हिस्टरी कार्ड ठेवलं होतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गंमत आहे. तोच छापील पुठ्ठा. वर ‘मशीनचं नाव’ इथं लिहिलेलं: स्वतः. ‘बनावट’ इथं: तंजावर. खाली ओळीनं नोंदी. बिघाड: राग, साडेअकरा वाजता, स्टोअरच्या माणसावर. कारण: न खाता निघालो. उपाय: दोन इडल्या. बिघाड: राग, बसमध्ये. कारण: गर्दीत कोणीतरी पाय दिला, गुडघा आधीपासून दुखत होता, ते कोणाला सांगितलं नव्हतं. उपाय: आधीची बस, गुडघ्याला तेल. बिघाड: बहिणीला फोन केला नाही. कारण: तिचं ऐकून घ्यायचा कंटाळा. उपाय: रविवारी दहा वाजता, बसून.

“हे असं रोज?” मी विचारलं.

“बिघाड झाला तरच. मशीन रोज बिघडत नाहीं.”

“पण काका, आपल्याला आपलं माहीत असतंच ना?”

ते मान हलवून म्हणाले, “आपल्याला आठवतें. आठवण आपल्याच बाजूनं बोलते. कार्ड कोणाच्याच बाजूनं बोलत नाहीं.”

जुन्या कॅन्टीनवाल्यानं मला सांगितलं की हे गृहस्थ एके काळी फटाका होते. पाना भिरकावायचे, अख्ख्या शॉपसमोर, म्हणजे सगळ्या कामगारांसमोर, माणसाची शोभा करायचे. मला ते पटेना. माझ्यासमोरचा माणूस कोणी चूक केली तर खुर्ची ओढून बसायचा. पण कॅन्टीनवाला खोटं कशाला बोलेल? तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्या पुठ्ठ्यांवरच्या इडल्या, तेल, आधीची बस हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं दुरुस्तीचं काम होतं. लोक देवळात जातात, गुरू करतात, शपथा घेतात. या माणसानं आपला राग साडेअकराला येतो हे लिहून काढलं आणि सव्वासहाला नाश्ता केला. मला हे फार थोर वाटलं आणि अजूनही वाटतं.

माझ्यावरही त्यांनी प्रयोग केला. एकदा मी दोनशे नगांचा एक लॉट परत लावला. मापात नाही, ऑपरेटर नीट लक्ष देत नाही, असं लिहायला बसले होते. पेन गेलं. “आधी सांगा.” मी तणतणत सांगू लागले. सकाळी गेज घेतला, पहिला नग घातला, बसेना, दुसरा घातला, बसेना… आणि सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. त्या गेजची तपासणीची तारीख उलटून गेली होती आणि ते मला माहीत होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य ओलांडून पुढं गेले होते. मोठ्यानं बोलताना ते ओलांडता येईना. काकांनी पेन दिलं आणि निघून गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते.

तीन-चार वर्षांनी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं फर्मान काढलं की सगळे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर पाहिजेत. म्हणजे कपाटातली जुनी हिस्टरी कार्डं एकेक करून चढवायची आणि पुठ्ठे रद्दीत. काम अर्थात माझ्या गळ्यात. मी पंधरा दिवस धुळीत बसले. राव सारांची अक्षरं कॅपिटल, सरळ, दात घासल्यासारखी स्वच्छ. वाचायला आनंद व्हायचा. आणि मग सात नंबरच्या पॉवर प्रेसचं एक जुनं कार्ड हातात आलं.

बिघाड: डाय फुटली. कारण: ऑपरेटर एरर, पेडल दोनदा दाबलं. उपाय: डाय बदलली, ऑपरेटरला समज दिली. खाली त्यांची सही. शेवटचा चौकोन, ऑपरेटरच्या सहीचा, रिकामा.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नियम करणाराच सापडला होता. साडेतीनच्या चहाला सगळे जमले असताना मी ते कार्ड फडकावत गेले आणि तमिळमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळेल असं, म्हटलं, “राव सार, हे कोणी लिहिलंय? दंड काय करायचा?” फिटर हसले. काकांनी कार्ड हातात घेतलं. चहाचा ग्लास खाली ठेवला. तो बाकाच्या कडेवर टेकला आणि पडला. ते शॉपच्या मागच्या दारानं बाहेर गेले. हसू तिथंच विझलं. मला माझं तोंड कुठं लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले. स्वतःचं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं, म्हणजे आता सांगणारे ते होते.

“तो ऑपरेटर माझा मुलगा,” ते म्हणाले.

सात नंबरवर त्यांचा मुलगा होता. आयटीआय करून नुकताच लागलेला. आई तो दहावीत असतानाच गेली. घरात हे दोघं, कारखान्यातही हे दोघं. त्या दिवशी प्रेस एका पेडलला दोनदा खाली आली आणि डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, फुटली. मोठी ऑर्डर अडकली. मालक धावत आले. अख्खं शॉप गोळा झालं. मुलगा म्हणत होता की मी एकदाच दाबलं, तीच दुसऱ्यांदा आली. आणि बाप त्याच्यासमोर उभा राहून कार्ड भरत होता.

“तो सांगालागला होता, मी लिहालागलों होतों,” काका म्हणाले. “सगळ्यांपुढें म्हणालों, पेडलला मन नसतें, तुझा पाय हलला. तेला सही कर म्हणून पेन दिलों. तो पेन खालीं ठेवला.”

त्याच संध्याकाळी मुलानं कपडे भरले. दारात तमिळमध्ये एवढंच म्हणाला, “अप्पा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.” अंबत्तूरला मामा होता. त्याच्याकडे गेला, तिकडेच नोकरी धरली. दोन महिन्यांनी सात नंबर पुन्हा एका पेडलला दोनदा खाली आली. या वेळी दुसराच ऑपरेटर होता. नशीब की हात बाहेर होते. काकांनी क्लच उघडला. स्प्रिंग तुटलेली, ब्रेकचं लायनिंग झिजून गुळगुळीत, म्हणजे प्रेस थांबायला हवी तिथं थांबतच नव्हती. ते दर महिन्याला उघडून बघायचं काम त्यांचंच होतं आणि आधीच्या दोन महिन्यांत त्यांनी न उघडताच बरोबरची खूण केली होती. स्प्रिंग बदलली, लायनिंग बदललं, नवी नोंद केली. जुन्या नोंदीला हात लावला नाही.

“का नाही लावला?” मी विचारलं. मला राग आला होता हे कबूल करते. त्या मुलाच्या वतीनं आला होता.

“लाज, मा. पहिल्या दिवशीं लाज वाटली. नंतर उशीर झाला म्हणून लाज. मग मी तो नियम केलों. सगळ्यांना शिकविलों. तेला सोडून.”

एकाच शहरात अकरा वर्षं. मधे मुलाचं लग्न झालं. मामानं पत्रिका दिली. काका एग्मोरच्या त्या हॉलमध्ये गेले, शेवटच्या रांगेत बसले, अक्षता टाकल्या, पानावर जेवले आणि मुलाच्या समोर न जाता बसनं परत आले. स्वतःच्या कार्डावर लिहिलं, बिघाड: भेटलो नाही. कारणाचा रकाना कोरा. त्या गठ्ठ्यात कोरा राहिलेला तेवढाच एक रकाना मी पाहिला आहे.

मी म्हटलं, “काका, कार्ड दुरुस्त करू. मी साक्षीला सही करते. झेरॉक्स काढून त्याला पाठवू.” कागदपत्रं दुरुस्त करायची रीत आम्हाला पाठ असते. खाडाखोड नाही. चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर मजकूर, सही, त्या दिवसाची तारीख. मागची तारीख घालायची नाही.

“नाहीं,” ते म्हणाले. “आधी सांगायचें.”

मग सुरू झाले अंबत्तूरचे रविवार. पहिल्या रविवारी ते मुलाच्या दारात गेले, सुनेनं दार उघडलं, मुलगा घरी नव्हता. दुसऱ्या रविवारी होता. काकांनी विचारलं, “जेवलास का?” तो म्हणाला, “जेवलो.” काका परत आले. तिसऱ्या रविवारी चार वर्षांच्या नातीला मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, दिली आणि परत आले. सोमवारी मला कार्ड दाखवायचे. बिघाड: बोलता आलं नाही. कारण: ती लहान मुलगी माझ्याकडे बघत होती. बिघाड: बोलता आलं नाही. कारण: त्याचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. मी आपली चहा मागवायची.

शेवटी मीच म्हटलं, “काका, बोललात सगळ्यांपुढं, तर सांगायचंही सगळ्यांपुढंच. दारात उभं राहून नाही जमायचं ते.”

ते म्हणाले, “आयुधपूजा.”

आपल्या खंडेनवमीचा तमिळ कारखान्यांत जेवढा थाट असतो तेवढा मी मिरजेत कधी पाहिला नाही. मशीनं धुऊन पुसून चकचकीत, प्रत्येकाला चंदन-कुंकू, दाराला केळीचे खांब, पोरीचं पातेलं, म्हणजे तिकडे कुरमुऱ्यांना पोरी म्हणतात त्या, आणि हरभऱ्याचं सुंडल. त्या दिवशी कामगारांची बायकामुलं शॉपमध्ये येतात आणि आपला माणूस कुठल्या मशीनवर उभा राहतो ते बघून जातात. जुने कामगारही येतात. मुलाला बोलवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी फोन केला. तो म्हणाला, “त्या शॉपमध्ये मी पाय ठेवणार नाही.” मी म्हटलं, “बरं.” काकांना तसंच सांगितलं. त्यांनी सात नंबरला स्वतःच्या हातानं चंदन लावलं आणि तिथंच उभे राहिले.

तो आला. पूजा संपत आली होती, कापूर फिरत होता. कडेवर मुलगी, बापासारखीच मान जराशी झुकलेली. दारात थांबला. आत येईना.

काकांनी टाळी वाजवली. ते कधी टाळी वाजवत नसत, म्हणून सगळे वळले. मग चाळीस माणसं, त्यांची बायकामुलं आणि मालक यांच्यासमोर ते तमिळमध्ये बोलले. नेहमी फिटरकडून काढून घ्यायचे तशी सगळी हकीकत, पहिल्यापासून. त्या महिन्यात मी लायनिंग उघडलं नाही. त्याच्या आधीच्या महिन्यातही नाही. खूण मात्र केली. डाय फुटली तेव्हा मला आतून ठाऊक होतं की विचारायला हवं. विचारलं असतं तर माझी खूण उघडी पडली असती. समोर उभा असलेला ऑपरेटर खरं सांगत होता. तो माझा मुलगा होता म्हणून मी त्याला दाबू शकलो, दुसऱ्या कोणाला एवढ्या सहज दाबता आलं नसतं. पेडल त्यानं एकदाच दाबलं होतं.

“एकदाच,” ते पुन्हा म्हणाले.

एका बाईनं रडणाऱ्या पोराच्या हातात कुरमुरे दिले. मग काका म्हणाले, “आता लिहितो,” आणि खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा होता. पेन, कार्डं, फुटपट्ट्या, सगळं पूजेत मांडलं होतं. आयुधपूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाहीत. पेनाचंही तेच. इतकी वर्षं दुसऱ्यांची पेनं खिशात घातलेला माणूस पेनासाठी चाचपडत उभा राहिला आणि मला त्यांची इतकी माया आली की मी भिंतीकडे तोंड केलं.

मुलगा आत आला. सात नंबरपाशी गेला. फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकावर तळवा ठेवला, मग पेडलकडे बघितलं. म्हणाला, “उद्या लिहा, अप्पा. घाई नाही.”

“आणि सही?” काकांनी विचारलं.

“ट्रायल बघून करेन.”

एक फिटर फिस्सकन हसला आणि मग सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

विजयादशमीला कारखाना तासभर उघडतो. पूजेतली हत्यारं उचलायची आणि नावापुरतं काम करायचं. काकांनी पेन उचललं, ‘ऑपरेटर एरर’वर एक सरळ रेघ मारली, बाजूला लिहिलं: ब्रेकचं लायनिंग झिजलेलं, क्लचची स्प्रिंग तुटलेली, तपासणी केली नाही, जबाबदार मी. सही. त्या दिवसाची तारीख. शेवटचा चौकोन रिकामाच राहिला.

त्या वर्षाअखेरीस ते निवृत्त झाले. नोंद उघडी असली की दुरुस्त करणाऱ्यानं मशीनची विचारपूस करायला जायचं, हा नियम त्यांच्याइतका कोणी पाळला नसेल. दर रविवारी अंबत्तूर. सोमवारी मला फोन. “ट्रायल चालू आहे,” म्हणायचे. कधी सांगायचे की आज तो पंधरा मिनिटं बोलला, कधी की आज भांडलों, पण जेवून आलों. नातीला त्यांनी मराठी शिकवायचा घाट घातला होता. ती त्यांना तमिळमध्ये उत्तरं द्यायची. एकदा मी चेष्टेनं विचारलं, “काका, सही कधी घेणार? तीन वर्षं झाली.” ते म्हणाले, “सही झाली तर मग मी कशाला जाऊं? राहूं दे उघडी.”

गेल्या पंगुनीत, आपल्या चैत्राच्या आसपास, एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी मुलाचा आला.

बाकीची कार्डं केव्हाच रद्दीत गेली होती. हे एक मी माझ्या खणात ठेवलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर तो एका दुपारी आला. डोकं भादरलेलं. चहाची वेळ होती. मी कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि पेन पुढं केलं. त्यानं पेन घेतलं नाही. हाताची घडी घातली आणि वडिलांच्या त्या जुन्या मराठीत, अडखळत, म्हणाला, “आधी सांगतों.”

त्यानं सांगितलं. रविवारी अप्पा जेवले. ताक दोनदा मागितलं. नातीला सात नंबरची गोष्ट सांगितली, ती तिला आता पाठ आहे, पेडल किती वेळा दाबलं असं विचारलं की ती एक बोट वर करते. मग बसपर्यंत पोचवायला मी गेलो. बस आली, ते चढले, जागा मिळाली. खिडकीतून म्हणाले, पुढच्या रविवारी लवकर येतो. घरी जाऊन झोपले ते उठले नाहीत. मेसवाल्यानं सकाळी इडल्या ठेवल्या होत्या.

चहाची सुट्टी संपली. शेजारी सात नंबर पुन्हा चालू झाली.

मग त्यानं पेन घेतलं. कार्ड जवळ ओढून वडिलांची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचली, रेघेखालचे दोन शब्दसुद्धा. शेवटच्या चौकोनात सही केली. खाली तारीख घातली, आजची. आणि शेरा लिहायची जागा नव्हती तरी कडेला बारीक अक्षरांत लिहिलं: ट्रायल ओके.